धायरीतल्या एका वन बीएचकेचा चौदा वर्षांचा हिशेब

२००९ च्या दसऱ्याला पुण्यात धायरीतल्या फ्लॅटची किल्ली मिळाली, तेव्हा आमच्या दोघांच्या खात्यांत मिळून ४२ हजार रुपये उरले होते. घर ४३० चौरस फूट कार्पेट. दोघांचा पगार ३१ हजार, त्यातले ११,८०० गृहकर्जाच्या हप्त्याला जाणार. वास्तुशांत व्हायच्या आधीच एक इंटिरिअरवाला टेप लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद देऊन गेला. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, सोफा, बेड, टीव्ही युनिट, हॉलला पीओपी, सगळं मिळून २ लाख ८५ हजार. वर सल्ला : "टॉप-अप लोन होईल वहिनी. आत्ताच उरकून टाका, एकदा राहायला आलात की मग होत नाही."

मी पतपेढीत कारकून. कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला हप्ता काढला. १२ टक्के व्याज, सात वर्षं. महिना साधारण ५,०३० रुपये, आणि सात वर्षांत भरायचे ४ लाख २२ हजार. म्हणजे एक लाख ३७ हजार नुसतं व्याज. तो कागद अजून माझ्या वहीत आहे. त्याच वहीत त्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूची किंमत, तारीख आणि तिचं पुढे काय झालं ते लिहीत गेले. ही सगळी मांडणी त्या वहीवरूनच.

आधीच सांगून टाकते, की थांबत थांबत घर लावायचं असं काही आमचं तत्त्व वगैरे नव्हतं. पैसे नव्हते, एवढंच. पतपेढीत महिना १,२०० चं रिकरिंग 'सामान' म्हणून उघडलं आणि नवऱ्याच्या कंपनीचा दिवाळी बोनस अर्धा त्यात टाकायचा असं ठरलं. जे घ्यायचं ते त्यातूनच.

मोकळं घर

भाड्याच्या खोलीतून आलं ते असं : कापसाच्या दोन गाद्या, स्टीलची मांडणी, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुना छोटा फ्रीज, एकवीस इंची टीव्ही. पहिल्या वर्षी विकत घेतलं ते फक्त ज्याच्यावाचून अडेल तेवढं. तपकीर गल्लीतून तीन पंखे आणि ट्यूबलाइट, एक गीझर, कापडगंजातून पडद्यांचं कापड (शिवले मी), आणि गॅलरीसाठी बुरूड आळीतून बांबूची चिक. वर्षाचा आकडा १४,२००.

हॉलमध्ये बोललं की आवाज घुमायचा. पण त्या वर्षात जे कळलं ते इंटिरिअरवाल्याच्या टेपला कळलं नसतं. बेडरूमची पश्चिमेची भिंत मार्च ते मे इतकी तापायची की रात्री अकरापर्यंत हात लावला तरी गरम. आम्ही गाद्या उचलून हॉलमध्ये झोपायचो. त्याच्या चित्रात बेडचं डोकं त्याच भिंतीला होतं. टीव्ही युनिट होतं ती भिंत पावसाळ्यात ओल धरायची. आणि ओट्याखाली उघड्यावर डबे ठेवून वर्षभर वावरल्यावर लक्षात आलं, की कुकर आणि कढया मला गॅसच्या डाव्या हाताला लागतात, उजव्या नाही. मी डावखुरी आहे.

दोन कपाटं

आता मुद्द्यावर येते. या घरात दोन कपाटं आली, दोन वर्षांच्या अंतराने.

पहिलं आलं २०११ मध्ये. सासरचं बिऱ्हाड नारायण पेठेतल्या वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. वाडा पाडून तिथे इमारत व्हायची ठरली, सासूबाई मोठ्या दिरांकडे गेल्या आणि त्यांचं सागवानी कपाट जागेअभावी आमच्याकडे आलं. टेम्पो आणि हमाली मिळून १,३००, पॉलिश ३,५००. हे कपाट १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवशी, वाड्याच्या तळमजल्यावर होतं. पूर ओसरल्यावर ते चिखलात आडवं सापडलं. सासऱ्यांनी ते धुऊन, सावलीत वाळवून, पुन्हा उभं केलं. पाठीमागच्या फळीवर अजून एक काळपट पट्टा आहे, साधारण चार फुटांवर, वेडावाकडा. पॉलिशवाला म्हणाला घासून काढतो. सासूबाईंनी फोनवरून बजावलं, "त्याला हात लावू देऊ नकोस." दारं आजही एका बोटाने लागतात.

दुसरं २०१३ चं. मुलगी दोन वर्षांची झाली, कपडे वाढले, आणि एका मोठ्या दुकानाच्या सेलमध्ये ९,९९९ ला तीन दारांचा वॉर्डरोब मिळाला. दिसायला झकास, आत आरसा. दुकानाच्या माणसाने तासाभरात जोडून दिला. बेडरूममध्ये जागा एकच उरली होती, बाथरूमच्या भिंतीला लागून. दुसऱ्या पावसाळ्यात खालची फळी पोळीसारखी फुगली. मग दार खाली आलं, मग बिजागरीचे स्क्रू भुशासकट बाहेर. नवऱ्याने जाड स्क्रू घातले, फेविकॉल भरला, काही उपयोग झाला नाही.

शेवटी वाड्याच्या ओळखीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फुगलेला कोपरा अंगठ्याने दाबला. चुरा पडला. तो हातावर घेऊन मला दाखवत म्हणाले, "सूनबाई, ह्याला मी हात लावत नाही. हे लाकूड नाही, भुसा आहे. भुशाला स्क्रू काय धरणार?"

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा राळेत कालवून दाबलेली फळी. ती कोरडी असते तोवर काम देते. ज्या घरात ओल नाही, जिथे कपाट एकदा ठेवलं की हलवायचं नाही, तिथे ती पंधरा वर्षंही टिकेल, मी नावं ठेवत नाही. पण एकदा पाणी प्यायली की फुगते, आणि फुगलेली फळी वाळली तरी पूर्वपदावर येत नाही. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्ही त्याला सहजी बाधत नाहीत. शिवाय सागाचं कपाट साल-कुसवाच्या सांध्यांनी, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, बांधलेलं. एक फळी गेली तर तेवढी बदलता येते. त्या दिवशी वहीत वॉर्डरोबच्या ओळीपुढे मी लिहिलं : 'सुतार हात लावत नाही.' तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी मनात हाच प्रश्न विचारते : बिघडली तर हिला कोणी हात लावेल का?

बुडालेले पैसे

याच प्रश्नावर सोफाही नापास झाला असता, पण तो २०१० च्या दिवाळीत घेतला, अक्कल यायच्या आधी. पाहुणे येणार, बसायला काय, असं माहेरून दोनदा विचारून झालं होतं. थ्री प्लस वन प्लस वन, १६,५००. तीन वर्षांत मधली बैठक खड्ड्यासारखी झाली. २०१६ मध्ये खालचं काळं कापड फाडून पाहिलं तर आत खोक्याच्या पट्ट्या, त्याही स्टेपलरच्या पिनांनी ठोकलेल्या. भंगारवाल्याने ६०० दिले, तेही जिना उतरवून द्यायच्या अटीवर.

फ्रीजची चूक वेगळ्या जातीची, आणि पतपेढीतल्या बाईने करायची तर अजिबातच नव्हती. २०१२ ची दिवाळी, 'शून्य टक्के व्याज'. किंमत १८,०००, दहा हप्ते १,८०० चे, त्यातले तीन आगाऊ, शिवाय फाइल चार्ज ९००. रोख देत असाल तर १६,८०० ला देतो, असं तोच दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होता. घरी येऊन हिशेब केला. रोखीची किंमत १६,८००. मी पहिल्याच दिवशी दिले तीन हप्ते आणि फाइल चार्ज, म्हणजे ६,३००. उधारी खरी राहिली १०,५०० ची. त्यापोटी भरणार सात हप्ते, १२,६००. व्याज २,१००, तेही सात महिन्यांत आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना. दर बसतो महिन्याला पावणेपाच टक्क्यांच्या वर! आमच्या पतपेढीत कोणी या दराने कर्ज दिलं असतं तर सभासदांनी सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकल्या असत्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं. माझा फ्रीज तोवर फिटला होता.

वाड्याची कडी

वाडा पाडताना कंत्राटदार लाकूड घनफुटावर विकत होता. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या, कड्या (तुळया), खांब, सगळा जुना साग. नवऱ्याचं बालपण त्या कडीपाटाकडे बघत गेलेलं. त्याने १,६०० च्या भावाने पाच घनफूट घेतला, ८,००० रुपये मोजून. मी चिडले. घरात झोपायला धड पलंग नाही आणि गॅलरीत ताडपत्रीखाली लाकूड! ते तिथे पाच वर्षं पडून होतं. शेजारच्या काकू विचारायच्या, "सरपण का हो?"

२०१४ मध्ये सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. गुडघे दुखायचे. गादी जमिनीवर, सकाळी उठताना त्या आधी एका हातावर, मग भिंतीला धरून, मग 'विठ्ठला' म्हणत उभ्या राहायच्या. सोफ्यावर झोपता येत नव्हतं, तो आधीच बसका. दिवाण करायचा हे तेव्हापासून ठरलेलं, पण त्याच सुमाराला टीव्ही बंद पडला, मग स्वयंपाकघराचं निघालं, रिकरिंग मोडलं गेलं. अखेर २०१६ च्या उन्हाळ्यात सुतारकाका आले.

जुन्या लाकडाची मेख खिळ्यांत असते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात कापायला नेलं तर वखारवाल्याने एक कडी पाहिली आणि परत पाठवलं. खिळा आत राहिला तर करवतीचं पातं जातं. मग तीन रविवार नवरा गॅलरीत जंबूर घेऊन बसला. मुलगी लोहचुंबक फिरवायची आणि "बाबा, इथे आहे!" म्हणून ओरडायची. डालड्याचा डबा अर्धा भरला. काही खिळे चौकोनी, हाताने घडवलेले निघाले, ते सासूबाईंनी वेगळे काढून ठेवले. दुसऱ्या खेपेला कापून मिळालं, १,२०० रुपयांत. आतून निघालेला रंग मधासारखा होता. वास अख्ख्या जिन्यात.

दिवाणाची उंची किती ठेवायची यावर सुतारकाका म्हणाले, सोळा-अठरा इंच ठेवतात. मग त्यांनी टेप खिशात ठेवली आणि घरातले पाट मागवले. एकावर एक पाट रचले, वर गादीची घडी, आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, बसा आणि उठा." त्या बसल्या, उठताना हात टेकला. "अजून एक पाट." पुन्हा. "अजून एक." चौथ्यांदा त्या हात न टेकता उठल्या, स्वतःच हसल्या. काकांनी टेप लावली : गादीसकट एकवीस इंच. पायांना पेन्सिलने खूण केली. तो दिवाण कुठल्याही दुकानात मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी त्या उंचीचा नसता.

मजुरी ९,०००, कापणी १,२००, वरचं प्लाय २,०००, गादी आणि खोळी ४,३००, पॉलिश २,५००. एकूण १९,०००, शिवाय आधीच्या लाकडाचे ८,०००. त्याच लाकडातून जेवायला बसायचा एक बाकही निघाला. मी नवऱ्याची माफी मागितली नाही, पण वहीत 'सरपण' शब्दावर काट मारली.

ओटा आणि बाकीचं

त्याआधी, २०१५ मध्ये, ओट्याखालच्या ट्रॉल्या झाल्या होत्या. तयार मॉड्युलरचा भाव ६२,००० होता. आम्ही सामान स्वतः आणलं आणि सुतारकाकांना रोजावर लावलं. बचत झाली ती मुख्यतः एका प्रश्नामुळे : पाणी नेमकं कुठे लागतं? सिंकखाली आणि त्याच्या शेजारच्या कप्प्यात. तेवढ्यासाठीच आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणाऱ्या गोंदाचा, मरीन प्लाय घेतला. एक ताव, ३२ चौरस फूट, ८८ च्या भावाने २,८१६. बाकीच्या कोरड्या भागाला आयएस ३०३ चा साधा कमर्शियल, दोन ताव, ५४ च्या भावाने ३,४५६. शिक्का तावावर छापलेला असतो, तो दुकानातच बघून घ्यायचा. कापल्यावर सगळे प्लाय सारखेच दिसतात. सनमायका २,७००, बोहरी आळीतून स्टीलच्या सहा जाळ्या ६,९००, चॅनल, बिजागऱ्या, मुठी २,१००, काकांचे आठ दिवस ६,४००, हाताखालच्या पोराचे ३,६००. बेरीज २७,९७२, म्हणजे २८ हजारांना २८ रुपये कमी. कुकरची जाळी डाव्या हाताला.

पलंग २०१७ चा. बेंगळुरूला बदली झालेल्या एका कुटुंबाकडून जुना सागवानी पलंग ७,५०० ला घेतला, टेम्पोचे १,०००. आठवड्याभरात मुलीच्या हातावर पुरळ. ढेकूण! सांध्यांत, फटीत, स्क्रूच्या भोकांत. दोनदा औषध मारून घ्यावं लागलं, ३,६०० गेले. जुनं लाकूड आणायचं तर नुसतं लाकूड आणावं आणि घरात घेण्याआधी सगळं सुटं करून फटी तपासाव्यात, हे नंतर कळलं. पलंग मात्र उत्तम आहे. गादी पुढच्या वर्षी, ११,०००.

२०१८ मध्ये फुगलेला वॉर्डरोब गेला आणि त्या जागी काकांनी मरीन प्लायचा, भिंतीपासून दोन इंच सोडून, माळ्यापर्यंत जाणारा केला. ४१,०००, वहीतली सगळ्यात मोठी रक्कम. २०२० मध्ये नवऱ्याचं ऑफिस आणि मुलीची शाळा एकदमच घरात आली, तेव्हा उरलेल्या कडीपाटाच्या फळीचं भिंतीला मिटणारं टेबल झालं, ४,६००. मधल्या काळात टीव्ही २१,०००, वॉशिंग मशीन १७,५००. २०२३ मध्ये दोन पंखे बदलले, ५,८००. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा ३० च्या आसपास. दिवसाला चौदा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या घरात युनिट वाचतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत किंमत सुटते. बादल्या, पायपुसणी, दिवे, जुन्या बाजारातून आणलेल्या पितळी मुठी, सोलापुरी चादरी अशी किरकोळ खरेदी धरून २४,०००.

बेरीज

चौदा वर्षांत एकूण २ लाख ५६ हजार. यात फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि नवे पंखे मिळून ६३,२०० आहेत, जे त्या इंटिरिअरवाल्याच्या कागदात नव्हतेच. ते वजा केले तर १ लाख ९३ हजार, त्याच्या व्याजासकट ४ लाख २२ हजारांसमोर. शिवाय २००९ चा रुपया आणि २०१८ चा रुपया एक नव्हेत. आमचा बराचसा खर्च नंतरच्या, हलक्या रुपयांत झाला.

वाया गेले ते सोफ्याचे १६,५००, वॉर्डरोबचे ९,९९९, फ्रीजच्या 'शून्य टक्क्यां'चे २,१०० आणि ढेकणांचे ३,६००. ३२ हजारांच्या वर. यातल्या तीन गोष्टी घाईने घेतलेल्या, सणाच्या किंवा सेलच्या दिवशी.

पण वहीत एक रकाना नाही, आणि तो नसल्यामुळे हा हिशेब दिसतो तेवढा चांगला नाही. सासूबाई २०१४ मध्ये आल्या, दिवाण २०१६ मध्ये झाला. लाकूड गॅलरीत होतं, मजुरीचे ९,००० रुपये नव्हते असंही नाही. टीव्हीला २१ हजार निघाले. दोन वर्षं त्या भिंत धरून उठत राहिल्या आणि आम्ही 'सावकाश करू, चांगलं करू' म्हणत राहिलो. मोकळ्या घरात राहणं दोन धडधाकट माणसांना परवडतं. घरात म्हातारं माणूस आलं त्या दिवशी क्रम बदलायला हवा होता. त्या स्वतः याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मी बोलते कधीकधी, तर म्हणतात, "अगं, टीव्ही मलाच हवा होता."

दुसरी त्रुटी अशी, की हे सगळं एका सुतारावर उभं होतं. काका २०२१ मध्ये काम थांबवून गावी गेले. त्यांचा मुलगा याच धंद्यात आहे, पण तो तयार मॉड्युलर बसवतो. गेल्या वर्षी बाकाचा एक पाय डुगडुगायला लागला म्हणून त्याला बोलावलं. त्याने बाक उलटा केला, सांधा बघितला, वडिलांचं काम ओळखलं. "ताई, दिवसाचे दीड हजार होतील आणि दिवस जाईल. त्यापेक्षा नवा घ्या." मग थोडा वेळ घुटमळला, गाडीतून पटाशी आणली आणि अर्ध्या तासात कुसात पाचर मारून दिली. पैसे घेतले दोनशे.

वाड्याची एक कडी अजून माळ्यावर आहे, साडेचार फूट लांब, खिळे काढलेली. मुलीला अभ्यासाचं टेबल हवंय. त्याला तीही दाखवली. हाताने वजन घेऊन बघितलं आणि म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू.